कंबरपट्टे नकोत, ती खोली उघडा : रुग्ण कल्याण समितीला खुलं पत्र

रुग्ण कल्याण समितीचे माननीय अध्यक्ष आणि सर्व सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

आपल्या उपजिल्हा रुग्णालयात एक्स-रेच्या दाराशेजारी एक खोली होती. फिकट हिरवा रंग, जमिनीवर दोन जाड गाद्या, भिंतीला पुरुषभर उंचीचा आरसा, लकवा झालेल्यांना धरून चालायला दोन लोखंडी दांड्या. दारावर पाटी : फिजिओथेरपी. गेल्या महिन्यात मी गेले तेव्हा पाटी होती, खोली नव्हती. दांड्यांवर सलाइनची खोकी रचलेली, आरशासमोर मोडक्या खुर्च्या. शिपाईमामा म्हणाले, "मॅडमचा करार संपला ताई. आता इथं स्टोअर केलंय."

त्याच आठवड्यात बाजार समितीच्या आवारात मोफत मणका तपासणी शिबिर झालं. तुमच्या रुग्ण कल्याण समितीच्या सहकार्याने, असं फलकावर लिहिलं होतं. रांगेतल्या प्रत्येकाला कंबरेचा एक पट्टा आणि गोळ्यांचं पाकीट मिळालं. पट्ट्याच्या पिशवीवर फोटो होता, कोणाचा ते जाऊ द्या. कंबर ओढायचं नवं मशीन, आपल्याकडे ज्याला "वजनं लावणं" म्हणतात ते, रुग्णालयासाठी घ्यायचं ठरल्याचंही तिथेच माइकवर जाहीर झालं. टाळ्या पडल्या.

मी टाळ्या वाजवल्या नाहीत, घरी येऊन हे लिहायला बसले. तालुक्याचं नाव मुद्दाम घातलेलं नाही. नाव आलं की विषय गावाच्या अब्रूवर जातो आणि कंबर बाजूला राहते.

मी अंगणवाडी सेविका आहे, एकवीस वर्षं झाली. घरी अडीच एकर रान, त्यात बहुतेक कांदा. सेविकेचं काम म्हणजे दिवसभर खाली बसणं, उठणं, पोराला कडेवर घेणं, वजनकाट्यात ठेवणं, परत खाली बसणं. कांद्याचं काम म्हणजे वाकणं. मार्गशीर्ष-पौषात उन्हाळ कांद्याची लागवड निघाली की आमच्याकडच्या बायका सकाळी आठला वाफ्यात वाकतात त्या दुपारच्या भाकरीलाच सरळ होतात, आणि सरळ होताना तोंडातून जो आवाज निघतो तो आमच्या शिवारात इतका ओळखीचा आहे की कोणी मान वर करून बघतही नाही.

सहा वर्षांपूर्वी पोषण आहाराचं पोतं सरकवताना माझ्या कंबरेत उसण भरली. पोतं उचललंही नव्हतं, नुसतं सरकवत होते. सासूबाईंनी वीट तापवून फडक्यात गुंडाळली, शेक दिला, आणि शेजारच्या पायाळू पोराला बोलावलं. पायाळू माणसाने पाय लावला की उसण जाते म्हणतात. नववीतलं पोर, लाजत लाजत माझ्या कंबरेला अंगठा लावून पळालं. उसण गेली नाही, पण मी त्या दिवसात पहिल्यांदा हसले. (विटेचा शेक मात्र खरा उपाय निघाला. अमेरिकेतल्या वैद्यांच्या मोठ्या संस्थेने 2017 साली ताज्या कंबरदुखीसाठी आधी औषध नको, शेक, मालिश असले उपाय करा, असा सल्ला दिलाय. सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, मग एवढे दिवस काय करत होते?)

पुढचं सगळं तुमच्या-आमच्या ओळखीचं आहे. खासगी दवाखाना, कमरेत इंजेक्शन. एक्स-रे. "मणक्यात गॅप आलाय." मग नाशिकला जाऊन एमआरआय. "गादी सरकलीय, नस दाबली जातेय." पट्टा बांधा. तीन आठवडे फळीवर झोपून राहा. आणि जाता जाता एक वाक्य : "इथून पुढे वाकायचं नाही. कधीच."

हे वाक्य लिहायला एक क्षण लागतो, पण ज्या घरात झाडू हातभर लांबीचा, चूल जमिनीवर, धुण्याचा दगड जमिनीवर, शेण जमिनीवर आणि पोटाचं पीकही जमिनीवर, त्या घरातल्या बाईने कधीच वाकायचं नाही म्हणजे जगायचं कसं? मी तीन आठवडे झोपले. उठले तेव्हा पाय काठीसारखे झालेले. पट्टा बांधला की बरं वाटायचं, सोडला की कंबर माझी नसल्यासारखी वाटायची. म्हणून सोडेनाशी झाले. गोळ्या चालू होत्याच. सकाळी एक, रात्री एक, लागवडीच्या दिवसांत दुपारीही एक. आठ महिने. दुकानदार चिठ्ठी मागत नव्हता, मीही विचारत नव्हते. एक दिवस शौचाला डांबरासारखं काळं झालं, चक्कर येऊन ओट्यावर बसले. पोटात जखम होऊन आतून रक्त जात होतं. तीन दिवस भरती, रक्ताची एक पिशवी.

त्या गोळीत डायक्लोफिनॅक होतं. याच औषधाने आपल्याकडची गिधाडं संपली, हे मला नंतर मुलीने सांगितलं. गुरांना ते टोचायचे, मेलेली गुरं गिधाडं खायची, त्यांची मूत्रपिंडं बंद पडायची. 2006 साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली. माणसांसाठी ते योग्य वेळी, थोडे दिवस, डॉक्टरांच्या नजरेखाली घेतलं तर उपयोगाचं औषध आहे, मी त्याच्या विरोधात नाही. पण आठ महिने, किराण्याच्या यादीत चहापत्तीखाली लिहून?

त्यानंतर मी सरकारी रुग्णालयात आले. तिथल्या डॉक्टरांनी केसपेपरवर गोळी लिहिली नाही, "फिजिओ" लिहिलं. मी एक्स-रेशेजारच्या त्या खोलीत गेले.

मॅडम माझ्या मुलीपेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठ्या असतील. त्यांनी एमआरआयचं पाकीट बाजूला ठेवलं आणि विचारलं, "तुम्ही दिवसभर काय काय करता ते करून दाखवा." मला वाटलं थट्टा करतायत. पण मी झाडू मारून दाखवला, पोर उचलून दाखवलं, कांदा लावून दाखवला. पाऊण तास. तोवर एवढ्या दवाखान्यांत मला कोणी वाकून दाखवायला सांगितलं नव्हतं. सगळ्यांनी वाकू नको एवढंच सांगितलं होतं.

मग म्हणाल्या, "ताई, दुखतंय म्हणजे आत काही मोडतंय असं नाही." एमआरआयबद्दल त्यांनी जे सांगितलं ते मी पुढे पडताळून घेतलं. 1994 साली अमेरिकेत, ज्यांची कंबर अजिबात दुखत नाही अशा 98 जणांचे एमआरआय काढले. निम्म्याहून जास्त लोकांत कुठली ना कुठली गादी फुगलेली निघाली. ती माणसं चालत-फिरत होती. म्हणजे वयाबरोबर केस पांढरे होतात तशी गादी झिजते, आणि त्या झिजेचंच दुखणं असेल असं प्रत्येक वेळी म्हणता येत नाही. कंबरदुखीच्या दहातल्या नऊ रुग्णांत एका ठिकाणी बोट ठेवून "हे कारण" असं सांगताच येत नाही. हे ऐकल्यावर माझ्या मनातला "गॅप" निम्मा तिथेच भरला.

मला पहिल्या दिवशी त्यांनी पालथं झोपवलं, नुसतं. मग कोपरांवर उठायला सांगितलं. माझी कळ ढुंगणातून मांडीत उतरायची, ती दहा मिनिटांत कंबरेत येऊन थांबली. कंबर जास्त दुखायला लागली म्हणून मी घाबरले, तर मॅडम खुशीत. कळ पायातून वर सरकली तर ते चांगलं लक्षण. याची गोष्टही त्यांनीच सांगितली. न्यूझीलंडमध्ये रॉबिन मॅकेन्झी नावाचे फिजिओथेरपिस्ट होते. 1956 साली त्यांचा एक रुग्ण चुकून डोक्याकडून उचललेल्या टेबलावर पालथा पडून राहिला. असं झोपवणं तेव्हा घातक समजत. मॅकेन्झी धावत आले, तर रुग्ण म्हणतोय, किती आठवड्यांनी पाय दुखायचा थांबलाय. त्यावरून त्यांनी पुढे व्यायामाची अख्खी पद्धत बसवली. सगळ्यांना ती लागू पडत नाही, कोणाला पालथं झोपून उलट त्रास वाढतो. म्हणूनच तर समोर बघणारं माणूस लागतं.

पुढच्या सात-आठ खेपांत मला त्यांनी कंबरेतून न वाकता खुब्यातून वाकायला शिकवलं. पाठ फळीसारखी, बसकण मागे, ओझं पोटाशी. चार पायांवर मांजरासारखी पाठ वर-खाली करायला शिकवलं. उताणं झोपून गुडघे मोडून बसकण वर उचलायला शिकवलं. आणि कांद्याचं तर त्यांनी गणितच मांडलं. वाफा कोरडा असेल तर एक गुडघा गोणपाटावर टेकवायचा, अर्ध्या वाफ्याला गुडघा बदलायचा. चिखलात गुडघा टेकत नाही, तिथे दर वाफ्याला उठायचं, दोन्ही हात कंबरेवर ठेवून पाचदा मागे झुकायचं, मगच पुढचा वाफा. मुकादम ओरडेल, म्हटलं. म्हणाल्या, "घड्याळ लावून बघा." आम्ही लावलं. ज्या पाच बायका अशा उठत होत्या त्या संध्याकाळी इतरांच्या मागे राहिल्या नव्हत्या. मुकादम आता काही बोलत नाही.

तीन महिन्यांनी पट्टा सुटला. अजूनही कंबर दुखते, लागवडीत तर दुखतेच. पण आता ती मला विचारून दुखते असं वाटतं. त्यानंतर आजवर वेदनाशामक गोळी मी बोटावर मोजण्याइतक्या वेळा घेतली. आणि मी वाकते.

आता मुद्द्याचं.

पहिली तक्रार खोलीची. माहितीच्या अधिकारात मी अर्ज केला. उत्तर आलं : "रुग्णसंख्या अल्प असल्याने." साहेब, मी एकवीस वर्षं रजिस्टरं भरतेय. रजिस्टरात जे येत नाही ते सरकारच्या लेखी घडतच नाही, हे मला चांगलं ठाऊक आहे. त्या खोलीच्या रजिस्टरात फक्त नवीन रुग्णांची नोंद व्हायची. फिजिओला एक रुग्ण आठ-दहा वेळा येतो, त्याच्या पुढच्या खेपा कुठेच चढत नव्हत्या. खोली सकाळी नऊ ते एक उघडी असायची, म्हणजे कांद्याच्या आणि सोंगणीच्या दिवसांत बायकांनी रोज बुडवून यायचं. ओपीडीतले बाकीचे डॉक्टर केसपेपरवर फिजिओ लिहायचेच नाहीत, कारण लिहायला दोन मिनिटं समजवावं लागतं आणि दाराबाहेर रांग असते. त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही, तेही एकटे असतात. पण वाट बंद ठेवायची आणि मग गिऱ्हाईक येत नाही म्हणायचं, हे बरोबर नाही.

दुसरी तक्रार पट्ट्याची आणि मशीनची. इथे मी जरा थांबणार आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर 2023 मध्ये जुनाट कंबरदुखीवर, म्हणजे तीन महिन्यांहून जास्त टिकलेल्या दुखण्यावर, पहिल्यांदाच मार्गदर्शक सूचना काढल्या. शस्त्रक्रिया न करता काय करावं, काय करू नये, आणि तेही मोठ्या हॉस्पिटलात नाही तर गावपातळीच्या दवाखान्यात. म्हणजे आपल्यासाठीच. मुलगी नाशिकला नर्सिंगला आहे, तिने मला ते वाचून दाखवलं. करावं या यादीत काय आहे? रुग्णाला नीट समजावून सांगणं आणि स्वतःची काळजी घ्यायला शिकवणं. शिकवून करून घेतलेला व्यायाम. मालिश, जाणत्या हाताने केलेले मणक्याचे उपचार, सुयांचे उपचार. भीती आणि हताशपणा यांवर बोलून केलेले मानसिक उपचार. सूज उतरवणाऱ्या गोळ्याही आहेत, पण अनेक उपायांतला एक म्हणून. करू नये या यादीत काय आहे? कंबरेचे पट्टे. वजनं लावून ओढणं. अफूच्या जातीच्या वेदनाशामक गोळ्या. अल्ट्रासाऊंड आणि करंटचं मशीनसुद्धा.

आता आपल्या शिबिराची यादी समोर ठेवा. पट्टा वाटला. वजनाचं मशीन घेणार. आणि समजावून सांगणारं, व्यायाम शिकवणारं जे एक माणूस होतं ते घालवलं. दोन्ही याद्या आपण इतक्या नेमक्या उलट्या कशा पाळल्या याचं मला नवल वाटतं. मुद्दाम करायचं म्हटलं असतं तरी इतकं जमलं नसतं.

पट्ट्याने कोणाला घडीभर बरं वाटतं हे मी नाकारत नाही, मलाही वाटायचं. हाड मोडलंय, ऑपरेशन झालंय, तिथे डॉक्टर सांगतील तसं. पण चारशे माणसांना एकाच मापाच्या रांगेत पट्टा वाटणं म्हणजे चष्म्याचा नंबर न काढता चष्मे वाटण्यासारखं आहे. शिबिरात माझ्या पुढे उभी असलेली मुलगी सात महिन्यांची गरोदर होती. तिलाही पट्टा मिळाला.

तिसरी तक्रार गोळ्यांच्या पाकिटाची, ती वर झालीच. एवढंच विचारते : पाकिटं देताना कोणाला अल्सर आहे, कोणाचा बीपी आहे, कोणाच्या मूत्रपिंडाचं काही आहे, हे एकालाही विचारलेलं मी पाहिलं नाही. नुसती पॅरासिटामॉल असती तरी एक वेळ बोलले नसते. पण त्या गोळीचंही 2014 साली ऑस्ट्रेलियात साडेसोळाशे माणसांवर तपासून झालंय. ताज्या कंबरदुखीत ती घेणारे आणि खोटी गोळी घेणारे सारख्याच दिवसांत बरे झाले.

चौथी तक्रार तुमच्या फलकावरच्या एका ओळीची. "कंबरदुखी? संपूर्ण विश्रांती घ्या!" असं मोठ्या अक्षरात. हा सल्ला निदान तीस वर्षं जुना झालाय. फिनलंडमध्ये हेलसिंकी महापालिकेच्या कर्मचाऱ्यांवर 1995 साली तपासलं होतं. झोपून राहिलेल्यांपेक्षा जमेल तसं रोजचं काम चालू ठेवलेले लवकर सावरले. तीन आठवडे फळीवर काढलेली बाई म्हणून मी सांगते, ती ओळ पुसा. रंगाचा डबा मी देते.

पाचवी तक्रार थोडी वेगळी आहे आणि ती मॅडम असत्या तर त्यांनीच पहिली मांडली असती. ती खोली नुसती व्यायामाची नव्हती, चाळणीही होती. माझ्यासमोर एकदा ट्रॅक्टरवरचा ड्रायव्हर आला. कंबरदुखी म्हणून आला होता, गोळ्या खाऊन. मॅडमनी त्याला टाचांवर चालायला सांगितलं, तर उजवं पाऊल उचलत नव्हतं. मग हळू आवाजात लघवीचं विचारलं. सकाळपासून होत नव्हती. त्यांनी व्यायाम वगैरे काही केला नाही, स्वतः धावत जाऊन मोठ्या डॉक्टरांना आणलं आणि तासाभरात तो 108 च्या गाडीतून जिल्ह्याला रवाना झाला. लघवी-शौचावरचा ताबा जाणं, दोन्ही मांड्यांच्या मधला भाग बधिर होणं, पायातलं बळ जाणं, कंबरदुखीसोबत ताप किंवा वजन उतरणं, आधी कॅन्सर झालेला असणं, पडल्या-आपटल्यावरचं दुखणं : यातलं काही असेल तर ती व्यायामाची कंबरदुखी नव्हे, ताबडतोब डॉक्टर. शिबिराच्या रांगेत तो ड्रायव्हर असता तर पट्टा घेऊन घरी गेला असता.

आणि एक तक्रार आमच्यासारख्यांची, पैशाची. राज्य सरकारने 15 ऑगस्ट 2023 पासून आपल्या रुग्णालयांत उपचार मोफत केले, केसपेपरचे पैसेही बंद झाले. चांगली गोष्ट आहे. पण जी सेवाच बंद आहे ती मोफत असून काय उपयोग? खासगी फिजिओला जिल्ह्याच्या गावी जायचं तर एका खेपेचे तीनशे. एसटीला बायकांना अर्धं तिकीट आहे म्हणून जाण्यायेण्याचं तेवढं निभतं. त्या दिवसाची मजुरी मात्र पूर्ण जाते. आठ खेपांचा हिशोब कोणत्याही मजूर बाईला विचारा, ती मेडिकलच्या दुकानाकडे बोट दाखवेल. तिथे दहा गोळ्यांची पट्टी तिच्या कनवटीत बसते.

मी काही जादूची गोष्ट मागत नाही. व्यायामाने कंबर पुन्हा वीस वर्षांची होते असं मॅडमनी कधी सांगितलं नाही. अभ्यासही तेच सांगतात : फायदा बेताचा, पण धोका जवळजवळ नाही, आणि चालू ठेवला तरच टिकतो. योगाचंही तसंच. लोणावळ्यात कुवलयानंदांनी 1924 साली कैवल्यधाम काढून आसनांचा शास्त्रीय अभ्यास सुरू केला, पुण्यात अय्यंगारांनी दोर, ठोकळे, खुर्च्या वापरून अकडलेल्या माणसांनाही आसनं करता येतील असं बघितलं. हा वारसा आपल्या राज्याचा आहे. पण 21 जूनला मैदानावर पाचशे जणांना एकदम शिकवलेलं भुजंगासन आणि माझ्या कळेकडे बघत मॅडमनी मला कोपरांवर उठवणं, यात फरक आहे. पहिल्याचा फोटो चांगला येतो.

चालण्याचंही सांगून टाकते. 2024 मध्ये ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास आला. कंबरदुखीतून नुकत्याच उठलेल्या 701 जणांपैकी अर्ध्यांना फिजिओने हळूहळू चालणं वाढवायला शिकवलं, आठवड्यात पाच वेळा अर्धा तास इथवर. त्यांचं दुखणं परत उठायला साधारण 208 दिवस लागले, न शिकवलेल्यांचं 112 दिवसांत उठलं. यात औषध नाही, मशीन नाही. आमच्या बायका म्हणतात, आम्ही दिवसभर पायांवरच असतो की. हंडा डोक्यावर घेऊन बांधावरून घाईने जाणं आणि मोकळ्या हातांनी अर्धा तास चालणं वेगळं, हे पटवायला मला माझ्याच वस्तीत दोन महिने लागले. आता संध्याकाळी आम्ही सात जणी मारुतीच्या देवळापासून पाझर तलावापर्यंत जातो. पुरुषांनी आधी टिंगल केली. आता त्यातले दोघे मागून येतात, अंतर ठेवून.

मुंबईत 1950 च्या दशकात पोलिओच्या साथीनंतर केईएममध्ये देशातलं पहिलं फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं. ज्या राज्यात हे शास्त्र देशात पहिल्यांदा शिकवलं गेलं, त्याच राज्यातल्या एका तालुक्यात सत्तर वर्षांनी त्याची खोली खोक्यांसाठी रिकामी करावी लागते, याला पैसा नाही हे कारण मला पटत नाही. वजनाच्या मशीनला पैसे होते.

माझ्या मागण्या अशा.

1. फिजिओथेरपीची खोली महिन्याभरात मोकळी करून पूर्वीच्या कामासाठी उघडावी. औषधांना जागा हवी हे मान्य. जुन्या प्रसूती कक्षाच्या मागची खोली कुलूपबंद आहे, ती बघावी.

2. फिजिओथेरपिस्टचं पद भरावं. करार करायचाच असेल तर निदान दर वर्षी दोन-तीन महिने खोली बंद राहणार नाही असा करावा. पूर्वीच्या मॅडमना आधी विचारावं. त्या आता खासगीत आहेत, येतीलच असं नाही, पण विचारावं.

3. वजनाच्या मशीनची खरेदी थांबवावी. ऑर्डर गेलेली नसेल तर तेच पैसे पदाच्या मानधनाला वापरता येतात का, हे समितीच्या पुढच्या बैठकीत इतिवृत्तात नोंदवून ठरवावं. नियमात बसत नसेल तर कोणत्या नियमात बसत नाही ते लेखी कळवावं.

4. आठवड्यातून दोन दिवस खोली दुपारी तीन ते सहा उघडी ठेवावी. एक दिवस आठवडे बाजाराचा असावा. बाजारच्या दिवशी सगळा तालुका गावात असतो.

5. रजिस्टरात पुढच्या खेपाही मांडाव्यात. नमुना हवा असेल तर मी आखून देते.

6. पट्टे आणि गोळ्यांची शिबिरं बंद करावीत. शिबिर घ्यायचंच असेल तर लागवडीच्या आधी, कार्तिकात, गावोगावी वाफ्यावर घ्यावं. कांदा कसा लावायचा, पोतं कसं उचलायचं, ट्रॅक्टरवर किती वेळाने उतरायचं, आणि कोणत्या लक्षणांना थेट डॉक्टर गाठायचा. आशाताई आणि आम्ही सेविका बोलावणं करू. जागा, सतरंजी, चहा आमच्याकडे.

7. तो फलक.

तुमच्यापैकी कोणाला हे पत्र उद्धट वाटलं तर माफी असावी. समितीतले दोन सदस्य माझ्या अंगणवाडीत पोरं सोडायला यायचे, त्यांना मी ओळखते, माणसं वाईट नाहीत. एकांच्या तर स्वतःच्या कमरेला सध्या पट्टा आहे, शर्टाखालून दिसतो. दादा, संध्याकाळी साडेपाचला देवळापाशी या, आम्ही असतोच.

समितीची पुढची बैठक या महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी आहे असं कळलं. पाच मिनिटं बोलायची परवानगी मी लेखी मागितली आहे. पोच मिळाली, उत्तर नाही. मी येणार आहे, सोबत आणखी काही जणी असतील. बैठक लांबली तरी आमची हरकत नाही. फक्त आम्ही मध्ये मध्ये उठून उभ्या राहू, कंबरेवर हात ठेवून मागे झुकू, त्याचा राग मानू नये.

आपली नम्र,
एक अंगणवाडी सेविका
(नाव आणि पत्ता अर्जावर दिलेला आहे.)